आईची खिडकीची जागा

माझ्या आईला विमानांचं वेड होतं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे फिरायची आवड होती का?" अहो, कसली फिरायची आवड! इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या माळावर मेंढरांमागं निम्मा जन्म काढलेली बाई ती, फिरून फिरून तिच्या टाचा फाटल्या होत्या. तिला कुठं जायचं नव्हतं. तिला विमान बघायचं असायचं, आणि पुढं पुढं विमानातून खाली बघायचं होतं. बास, एवढंच. पण एवढं समजून घ्यायला आमच्या घराला फार उशीर लागला.

मी जन्मायच्या आधी आमच्याकडं मोठा कळप होता. दिवाळी झाली की बायका-पोरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं घेऊन मंडळी घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. आई लग्न होऊन आली त्याच वर्षी ती पहिल्यांदा अशी खाली उतरली. पनवेलच्या अलीकडं कुठंतरी त्यांचा तळ पडला होता. चुलीला दगड मांडत असताना एक विमान इतकं खालून गेलं की मेंढरं उधळली. कळसला तिनं विमान बघितलं होतं ते मुंगीएवढं, पांढरी रेघ ओढत जाणारं. हे मात्र पोट दिसेल इतकं जवळ होतं, आणि त्याला ओळीनं खिडक्या होत्या. खिडक्या आहेत म्हणजे आत माणसं आहेत, आणि माणसं आहेत म्हणजे ती खाली बघत असणार, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलं. ती धावत आबांकडं गेली. आबा म्हणजे माझे वडील. "आवं, त्यात माणसं बसत्यात! ती आपल्याला बघत असत्याल!" आबा उधळलेली मेंढरं वळवत होते. ते म्हणाले, "असत्याल."

आबांचं हे असं. वाईट माणूस नव्हे हो, पण उत्साह म्हणून देवानं दिलाच नव्हता. गुळाचा खडा तोंडात टाकला तरी चेहरा तसाच.

पुढं कळप विकला, कॅनॉलच्या पाण्यावर थोडा ऊस लागला, कारखान्याचं सभासदत्व मिळालं, माळाच्या कडेला दोन खोल्या उभ्या राहिल्या. आईनं हौसेखातर चार शेरडं ठेवली आणि त्यांच्यामागं ती रोज माळावर जायची. मेंढपाळाच्या घरात जनावराला खुणेवरून नाव असतं, काळतोंडी, बांडी, भुरी असं. आईनं विमानांनाही तशीच नावं ठेवली होती. सकाळच्याला लांब शेपूट सोडत जाणारं ते शेपटं. दुपारचं, आवाज आधी आणि स्वतः मागून येणारं, ते आळशी. संध्याकाळी उन्हात तांब्यासारखं चमकायचं ते लग्नातलं. कुठलं कुठं जातं हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला वाटतं तिला त्याची फिकीरही नव्हती. एखाद्या दिवशी आळशी आलं नाही तर मात्र संध्याकाळपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. "आज दिसलं न्हाय गं. कुठं बिघडलं का काय, माणसं हायत त्यात."

मला तिच्या ह्या नादाचा राग यायचा, खरं सांगते. सणसरचे पाहुणे मला बघायला आले होते, पोहे झाले होते, मी खाली मान घालून बसले होते, भावी सासरे माझं शिक्षण विचारत होते, आणि आई मध्येच उठून अंगणात गेली. सासरे म्हणाले, "काय झालं?" आबा म्हणाले, "काय न्हाय, शेरडू सुटलं असंल." मला ठाऊक होतं शेरडू-बिरडू काही सुटलेलं नाही, दुपारचं आळशी आलंय.  लग्न मोडलं असतं तर मी तिला जन्मात सोडलं नसतं. मोडलं नाही, आणि मी सणसरला नांदायला गेले, तिथल्याच झेडपीच्या शाळेत शिकवायला लागले.

नव्वदच्या दशकात बारामतीला विमान उतरायची धावपट्टी झाली आणि तिथं विमान चालवायला शिकणारी पोरं छोटी छोटी विमानं घेऊन घिरट्या घालायला लागली. सांगवीपासून इकडं माळेगावपर्यंत लोक रानात उभं राहून वर बघायचे. आईच्या कानावर हे गेलं मात्र, तिनं आबांच्या मागं भुणभुण लावली. आबा गेले नाहीतच. शेवटी एका बाजारादिवशी मी तिला एसटीनं घेऊन गेले. तारेच्या कुंपणाबाहेर शेंगावाले, आइसफ्रूटवाले, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप अशी जत्राच होती. आई पदर सावरत अगदी तारेला नाक लावून उभी राहिली. एक विमान आलं, टेकलं, तसंच उचललं, गोल फिरून परत आलं. आईनं दोन-तीनदा बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ही कोकरं हायत गं. मोठं न्हाय का येत हितं?"

शेजारी उभा असलेला एक पोरगेला बाप्या हसायला लागला. म्हणाला, "मावशी, मोठं उतरायला जागा पुरत न्हाय हितं." आई त्याला म्हणाली, "मग जागा वाढवा म्हनावं, रान काय कमी हाय व्हय?" लोक हसले. पण परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून बाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, "कोकरू का आसंना, त्यात बसून पोरं वरनं बघत्यात. वरनं आपला माळ कसा दिसत असंल?"

मी म्हणाले, "मला काय ठाऊक."

"मी सांगते," आई म्हणाली. "कॅनॉल म्हंजी परकराची नाडी. ऊस म्हंजी हिरवी वाकळ पसरल्याली. आन् आपला माळ म्हंजी त्या वाकळंला पडलेलं भोक. धरणाचं पानी लांब, आरशावानी." हे तिनं मनाशी कधीच ठरवून ठेवलेलं होतं. ती घरात, अंगणात, आबांना जेवायला वाढताना, कुणालाही हे सांगायची. आबा भाकरी मोडत ऐकून घ्यायचे.

माझा धाकटा भाऊ आईच्याच नादानं मोठा झाला. बारावीला आपटला आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं मुंबईला विमानतळावर चिकटला. तेव्हा नव्या खाजगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, त्यातल्या एकीत सामान चढवणाऱ्या टोळीवर. पोरगा कष्टाळू, दोन वर्षांत टोळीचा मुकादम झाला. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा आईनं त्याला भाकरी वाढायच्या आधी विचारलं, "हात लावलास का रं त्याला?" तो म्हणाला, "आई, मी रोज त्याच्या पोटात शिरतो." आईनं त्याचे दोन्ही हात धरले आणि उलटे-सुलटे करून बघितले. त्या दिवशी ती इतकी खूश होती की आबांच्या ताटात भाजी वाढायची विसरली.

आळशी म्हणजे मुंबईहून हैदराबादला जाणारं विमान, हे त्यानंच शोधून काढलं. आणि मग एकदा तो शिमग्याला आला ते ही बातमी घेऊनच आला. त्यांच्या कंपनीत कामगाराच्या आईवडलांना फुकट बसवायची सवलत होती. अट एवढीच की जागा मोकळी राहिली तर. त्याच वाटेनं जाणाऱ्या कंपनीच्या दुपारच्या विमानानं जायचं, हैदराबादला उतरायचं नाही म्हटलं तरी चालेल, तेच विमान घेऊन संध्याकाळी परत यायचं. "आई, उजव्या अंगाची खिडकी बघून ठेवतो," तो म्हणाला. "आपला माळ उजव्या हाताला येतो."

आईच्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं.  आबा म्हणाले, "मी कशाला?" भाऊ म्हणाला, "आबा, तुम्ही बरोबर नको का? आई एकटी कशी जाईल?" ते खरंच होतं. आमच्याकडं बाई दवाखान्यात जायची तरी घरातला बाप्या सोबत लागायचा.

जायच्या आदल्या दिवशी मी माहेरी आले तर आई आणि माझी चुलती माळावर घोंगडी पसरत होत्या. पूर्वी चुकलेल्या माणसाला तळ कळावा म्हणून उंचवट्यावर घोंगडं पसरायची रीत होती. शिमगा सरलेला, माळ वाळून पांढराफटक पडलेला, त्यावर काळीभोर चार घोंगडी एकाला एक लावून, कडेनं दगड ठेवून. आई चुलतीला बजावत होती, "उद्या दिसभर हलवू नगंस. शेरडांना हिकडं फिरकू दिऊ नगंस. मी वरनं बघनार हाय." इतक्या उंचावरून घोंगडी दिसत नसतात, हे मला, चार बुकं शिकलेल्या बाईला, कळत होतं. पण तिचा चेहरा बघून मीसुद्धा एका कोपऱ्यावर दगड ठेवला.

पहाटे जीप निघाली. आई, आबा, मी, माझे यजमान, आणि विमानतळ बघायला म्हणून निम्मी भावकी. आईनं हिरवं नऊवारी नेसलं होतं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. लोणावळ्यापर्यंत ती सगळ्यांशी बोलत होती. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, एकदाही मागं वळले नाहीत. घाटात त्यांनी जीप थांबवायला लावली आणि उतरून उलटी केली. भावकी म्हणाली, वळणं लागली.

सांताक्रूझच्या विमानतळावर आम्ही फरशीवर रांगेनं बसलो. भाऊ गणवेशात आत-बाहेर करत होता. आई काचेतून विमानांकडं बघत होती, आणि मी आईकडं. इतक्या जवळून, इतकी सगळी एका जागी, तिनं कधी बघितली नव्हती. ती बोट दाखवत नव्हती, नावं ठेवत नव्हती. नुसती बघत होती, लहान पोर बघतं तसं तोंड थोडं उघडं ठेवून. मला त्या वेळी वाटलं, झालं, हिच्या जन्माचं सार्थक झालं.

मग भाऊ पळत आला. घामानं सदरा चिकटला होता. "एकच जागा हाय," तो म्हणाला. "एक माणूस आलाच न्हाय, तेवढीच मोकळी हाय. खिडकीची हाय. लगेच जावं लागंल, दार लावत्यात."

आणि बघा, आम्ही सगळ्यांनी एकदम आबांकडं बघितलं. भावानं सुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. आमच्या घरात नवीन काही आलं की आधी कर्त्या बाप्याचा हात लागणार, हे हाडातच. विहिरीवर मोटर बसली तेव्हा खटका आबांनी दाबला. पहिली खुर्ची आली तेव्हा आबा आधी बसले. गाय व्याली तर खरवसाची पहिली वाटी आबांना. ह्यात कुणी कुणावर जबरदस्ती करत नव्हतं, तसंच असतं म्हणून तसंच व्हायचं. आणि आईनं तर आबांच्या पाठीला हातच लावला. "आवं, बघताय काय? जावा की! दार लावत्यात म्हनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आबा नाही! आई जाणार! विमानाचं वेड कुणाला आहे?" माझे यजमान माझा दंड धरायला लागले. मी भावाला म्हणाले, "अरे, तू तरी बोल की!" तो घड्याळ बघत होता, रडकुंडीला आला होता. आबा जागच्या जागी उभे होते आणि स्वतःच्या वहाणांकडं बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. 

आईच माझ्यावर खेकसली. "गप बस गं! ह्यांच्या आदी मी बसू व्हय? सगळी भावकी बघतीया. आन् माझं काय पळून चाललंय? ह्ये फुडं जात्याल, मी मागच्या गाडीनं येते."

मागच्या गाडीनं! तेव्हा ते मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. नंतर कळलं, तिच्या डोक्यात इंदापूरचा एसटी स्टँड होता. पहिली गाडी भरली तर बाप्या पुढं जातो, बाई पोरांना आणि बोचक्यांना घेऊन तासाभरानं मागून येते, दोघं घरी भेटतात. आयुष्यभर तिनं असाच प्रवास केला होता. विमानाला मागची गाडी नसते हे तिला कोण सांगणार? आम्ही सांगेपर्यंत भावानं आबांचा हात धरला होता आणि ते दोघं काचेपलीकडं गेले होते. आबांनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला तेव्हा वाटलं, माणूस संकोचलाय.

आई काचेला तोंड लावून उभी राहिली. कुठलं विमान आबांचं हे तिला कुणी सांगायला लागलं नाही. ते हललं, लांब गेलं, आणि पलीकडून धावत येऊन उचललं. आई म्हणाली, "गेलं. आता माझं कवा?" भाऊ परत येऊन तिच्या शेजारी उभा होता. त्यानं तिला सांगितलं, की संध्याकाळचं दुसरं एक आहे पण ते गच्च भरलंय, उद्याचंही भरलंय, पण बघतो. आई "बरं" म्हणाली. तिनं फडकं सोडलं आणि सगळ्यांना भाकरी वाटली. स्वतः खाल्ली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वर बसल्याव खाईन."

दिवस उतरेपर्यंत आम्ही तिथंच. भाऊ चार वेळा आत जाऊन आला आणि चारही वेळा मान हलवत आला. पाचव्यांदा आला तो आबांना घेऊनच. आबांच्या हातात एक खोका होता. विमानात दिलेलं जेवण, जसंच्या तसं. "तुझ्यासाठी ठिवलंय," ते आईला म्हणाले. त्यात एक पाव, एक लाडवासारखं काहीतरी, आणि कानात घालायचा कापूस.

आईनं खोका घेतला, पण बघितला नाही. तिनं विचारलं, "आपला माळ दिसला का?"

आबा म्हणाले, "न्हाय."

"मग धरणाचं पानी? घोंगडी? उजव्या हाताला बसला हुतासा न्हवं?"

"आगं, मी कुठं बघतोय," आबा म्हणाले. "जाताना बी आन् येताना बी, डोळं मिटून बसलो हुतो."

भावकीतले एक-दोघं हसले. आईसुद्धा हसली, मी बघितलं ना. म्हणाली, "जाऊ द्या. सुखरूप आलासा." मग आम्ही जीपमध्ये बसलो. परतीच्या वाटेवर आई बोलली नाही. लोक समजले ती दमलीय. कोण दमतं हो, दिवसभर बसून?

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतीनं येऊन विचारलं, घोंगडी उचलू का? आई म्हणाली, "उचल. कुनी बघितली न्हाईत."

नंतर परत बघू, असं सगळेच म्हणत राहिलो. मे महिन्यात सुट्टीची गर्दी, एकही जागा मोकळी राहत नव्हती. पावसाळ्यात भाऊ म्हणाला, आता ये, जागा मिळतायत. तर आईच म्हणाली, "पावसात ढगच ढग, मला काय दिसनार? दिवाळीनंतर बघू." दिवाळीच्या आधी ती कंपनीच बंद पडली. सकाळी कामावर गेलेल्या पोरांना फाटकावरूनच परत पाठवलं. भाऊ ट्रंक घेऊन घरी आला आणि अंगणात बसून रडला. आपली नोकरी गेली म्हणून नाही. तो आईला म्हणत होता, "आई, तुझं राहिलं गं. तुझंच राहिलं." आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "माझं काय घिऊन बसलास? तुझ्या पोटाचं बघ." पुढं तो बारामतीला एमआयडीसीत लागला. तिकीट काढून विमानात बसणं हे तेव्हा आमच्यासारख्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. जे होतं ते त्या एका मोकळ्या जागेवर होतं.

आणि आबा? आबा गावात मोठे झाले. कळसच्या पारावर विमानात बसलेला माणूस तेव्हा एकच. कुणाकडं पाहुणे आले की त्यांना आमच्या घरी आणायचे. "आबा, सांगा की जरा विमानाचं." सुरुवातीला आबा टाळायचे. पण लोक सोडतात होय? मग ते एक-दोन वाक्यं बोलायला लागले, आणि मग हळूहळू ते सगळं सांगायला लागले. ज्या माणसाला गूळ खाऊन आनंद होत नव्हता त्याला आता बोलणं आवरेना. मला कौतुकच वाटलं थोडे दिवस.

आई त्यानंतर दीड-दोन वर्षंच होती. पोटाचं दुखणं लागलं, ससून दवाखान्यात नेलं, परत आणलं. विमानाचा विषय तिनं आपणहून कधी काढला नाही, आणि आम्हीही काढायचो नाही. ती त्याबद्दल एकदाच बोलली, आणि त्या दिवशी मी घरात होते.

संक्रांत नुकतीच झाली होती. आईला बरं नाही म्हणून मी आठवडाभर रजा टाकून आले होते. दुपारी आबांकडं निमगावचे दोन पाहुणे बसले होते, ऊसतोडीचं बोलणं चाललं होतं, आणि बोलता बोलता गाडी विमानावर आली. मी चहा ठेवला होता. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. पुढच्या सोप्यातून आबांचा आवाज येत होता. "आवो, काय सांगू तुमाला, वरनं कॅनॉल दिसतो परकराच्या नाडीवानी. ऊस तर हिरवी वाकळच पसरल्याली. आन् आमचा माळ हाय न्हवं, त्ये वाकळंला पडलेलं भोक. धरणाचं पानी लांब, आरशावानी."

आईचे हात थांबले. मी तिच्याकडं बघितलं नाही, मला बघवेना. शब्दन् शब्द तिचा होता. तो माणूस काही ठरवून चोरत नव्हता हो. त्याच्याकडं सांगायला दुसरं काही नव्हतंच, आणि जेवताना इतकी वर्षं कानावर पडलेलं तेच तेवढं त्याच्यापाशी होतं. पाहुणे "वा वा" म्हणत होते. मी चहा नेऊन दिला. एक पाहुणा मला म्हणाला, "बाई, नशीबवान हाय तुमचा बाप." मी कप ठेवून आत आले.

पाहुणे गेले. आबा आत आले आणि पाणी मागायला लागले. आई उठली. तिला उठायला वेळ लागायचा तेव्हा, मी पुढं झाले तर तिनं हातानं नको म्हणून सांगितलं. तांब्या भरून तिनं आबांच्या हातात दिला. आणि मग ती बोलली. आवाज चढवला नाही, चार माणसांत बोलली नाही, मी एकटीच होते. उभ्या संसारात मी तिला आबांपुढं असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"जागा दिली त्येचं मला काय न्हाय," ती म्हणाली. "मीच दिली. पर तुमी डोळं तरी उघडं ठिवायचं हुतं."

मग ती शेरडांना पाला टाकायला मागच्या दारानं बाहेर गेली. आबा तांब्या हातात धरून उभे राहिले. पाणी प्यायले नाहीत. नंतर ते उंबऱ्यावर बसले, बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि माझ्याकडं न बघता बोलले.

"पोरी, मी भ्यालो हुतो. घाटात उलटी झाली ती वळनाची न्हवती. मला आदल्या दिसापास्नं झोप न्हवती. तितं तुझा भाऊ यिऊन म्हनला एकच जागा हाय, तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हनलं सुटलो, ती जाईल. आन् तुमी समदी माझ्याकडंच बघाया लागला."

"मग बोलायचं नाही का आबा?"

"भावकी हुती समदी. बाईमानूस फुडं आन् बाप्या भितुया म्हंत्याल. तोंड उघडंना माझं." आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "मला भ्या वाटतंय, एवढं म्हनलो असतो, तर ती गेली असती. न्हाय?"

मागच्या अंगणात आई शेरडांशी काहीतरी बोलत होती. मी "व्हय" म्हणाले. खोटं कशाला बोलू?